दही आणि फळं फ्रीजरमध्ये ठेवली की नुसता बर्फच होतोय, कुठे चुकतंय?

रेवा_सांगली | १९ एप्रिल, दुपारी २:१०

नमस्कार मंडळी. मुलांच्या परीक्षा संपल्या आणि घरात सकाळ-संध्याकाळ एकच घोषा सुरू झालाय, आई काहीतरी गार दे. लेक ८ वर्षांची, मुलगा ४ चा, त्यात १ मेपासून नणंदेची दोन आणि जावेचा एक अशी पाच पोरं महिनाभर आमच्याकडे असणार आहेत. रोज बाहेरून आणायचं नाही असं मी ठरवलंय. एक तर पाच जणांचा रोजचा खर्च आणि दुसरं म्हणजे मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच डब्यावरचं बारीक अक्षरातलं नीट वाचलं, त्यावर आइस्क्रीम नाही तर फ्रोझन डेझर्ट लिहिलं होतं, म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल. कधीतरी ठीक आहे पण रोज नको वाटतं.

मे महिन्यात गॅससमोर तासभर उभं राहून दूध आटवायची माझी अजिबात तयारी नाही, ओव्हन घरात नाही, म्हणून म्हटलं घरचं दही आणि फळं असं काहीतरी करू. तर काल काय केलं ते सांगते. पाव किलो घरचं दही, एका हापूसचा रस, ३ चमचे साखर, रवीने छान घुसळलं, साच्यात ओतलं, वरून स्ट्रॉबेरीचे तुकडे टाकले. आज सकाळी काढलं तर दगड. लेकीने चोखायला सुरुवात केली तर दोन मिनिटांत सगळा आंबा आणि गोडवा निघून गेला आणि काडीला पांढरा आंबट बर्फ तेवढा राहिला, स्ट्रॉबेरी तर अक्षरशः खडे. धाकट्याने एकदा चाटून माझ्या हातात परत दिली :( फ्रीज सिंगल डोअर आहे, त्यामुळे असं होतंय का? कुणी करत असेल तर प्लीज नीट सविस्तर सांगा.

-----

मोगरा१२ | १९ एप्रिल, दुपारी २:४५

अगं चक्का कर आधी! दही तसंच्या तसं कधीच घालू नकोस. मी गेली पाच-सहा वर्षं करतेय, पहिल्यांदा माझंही सेम झालं होतं. पाणी काढून टाकलं की अर्धं काम झालं.

-----

तुषार_घोलवड | १९ एप्रिल, दुपारी ३:२०

फॉलो करतोय. आमच्याकडे चिकू इतके असतात की शेवटी वाटून टाकावे लागतात, दह्याबरोबर चिकू चालेल का कुणी केलंय का?

-----

अण्णा_सातारा | १९ एप्रिल, संध्याकाळी ५:०५

रेवाताई, मी ३१ वर्षं दूध संघात काम केलं आहे, बराच काळ प्रयोगशाळेत. आता निवृत्त आहे, नातवंडांसाठी हेच उद्योग करतो. तुमचं काही चुकलेलं नाही, फक्त त्यात काय होतं ते समजून घेतलं की पुढच्या वेळी आपोआप जमेल.

घरच्या दह्यात जवळपास ८५ ते ८८ टक्के पाणी असतं. आंब्याच्या रसातही ८० च्या पुढे. म्हणजे तुम्ही साच्यात ओतलंत ते मुख्यतः पाणीच. आता घरच्या फ्रीजरमध्ये हे मिश्रण हळूहळू गार होतं, आणि हळू गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात. आधी नुसतं पाणी गोठतं, साखर आणि फळाचा अर्क त्या कणांच्या फटीत दाट पाकासारखा मागे राहतो. म्हणून मुलं चोखतात तेव्हा तो पाक आधी निघून येतो आणि मागे पांढरा बर्फ राहतो. तुमच्या मुलीला जे लागलं ते अगदी हेच. कारखान्यात मिश्रण घुसळत घुसळतच गोठवतात, त्यामुळे कण बारीक राहतात आणि आत हवा भरते, घरी आपल्याकडे ते यंत्र नाही. तेव्हा आपल्या हातात चार गोष्टी उरतात. पाणी कमी करणं, साखर पुरेशी घालणं, थोडा स्निग्धांश वाढवणं आणि लवकर गोठवणं.

साखरेचं लोकांना पटत नाही पण ती फक्त गोडीसाठी नसते. पाण्यात साखर विरघळली की ते पाणी शून्य अंशाला गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं. उणे १८ अंशालाही त्यातलं थोडं पाणी न गोठता राहतं आणि त्यामुळेच दाताखाली मऊ लागतं. पाडव्याचं उरलेलं श्रीखंड कधी फ्रीजरमध्ये ठेवून बघितलंय का? दगड होत नाही, चमच्याने निघतं. कारण त्यात पाणी मुळात कमी आणि साखर जवळजवळ चक्क्याइतकीच. आपल्याला तितकी साखर नको आहे, पण पाव किलो दह्याला ३ चमचे फारच कमी झाली. शिवाय जीभ गार पडली की गोड कमी लागतं, म्हणून चाखताना थोडं जास्त गोड वाटेल इतकं ठेवायचं.

-----

रेवा_सांगली | १९ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

अण्णा काका किती छान समजावलंत, मनापासून आभार. मला वाटत होतं माझा फ्रीजच बिघडलाय. आता प्रमाण पण सांगा ना, आणि चक्का उन्हाळ्यात टांगला की आंबट होतो त्याचं काय करायचं?

-----

मोगरा१२ | १९ एप्रिल, रात्री ९:१५

मी सांगते माझी पद्धत. म्हशीचं १ लिटर दूध, त्याचं दही. विरजण संध्याकाळी न लावता सकाळी लावते म्हणजे नजर राहते, या दिवसांत ५ तासांत लागतं, लागलं की लगेच फ्रीजमध्ये, आंबट व्हायची वाट बघायची नाही. मग टांगायचं नाहीच! पातेल्यावर मोठी गाळणी, गाळणीत सुती फडका (माझ्याकडे आजीच्या जुन्या पांढऱ्या नऊवारीचा तुकडा आहे, २० वेळा धुतलेला, त्याच्याइतकं छान कशातच निथळत नाही), त्यात दही, फडक्याची टोकं वर दुमडून त्यावर एक बशी आणि बशीवर वरवंटा नाहीतर पाण्याने भरलेला तांब्या, आणि हे सगळं फ्रीजच्या आत. रात्रभरात घट्ट गोळा होतो आणि आंबट अजिबात होत नाही. १ लिटरला मला साधारण ४०० ते ४५० ग्रॅम चक्का मिळतो.

खाली हिरवट पिवळं पाणी पडतं ते टाकू नका. त्यात मी चपातीची कणीक मळते, चपात्या दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतात, नाहीतर कढीत.

प्रमाण : ४०० ग्रॅम चक्का, १ वाटी आंब्याचा दाट रस, १०० ग्रॅम पिठीसाखर (आंबा खूप गोड असेल तर ८०), २ चमचे साय, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याने आंबा उठून लागतो. हे पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून घासून घ्यायचं श्रीखंडासारखं, मिक्सरमधून फिरवलं तर पातळ होतं.

-----

सुजाता_बेळगाव | १९ एप्रिल, रात्री १०:४०

पुरणयंत्राला +१. आणि रस हापूसचा असेल तर तसाच चालतो, पायरीचा रस जरा पातळ असतो तो घालायचा असेल तर मंद गॅसवर ७-८ मिनिटं आटवून गार करून घाला. एवढा वेळ गॅससमोर उभं राहायला हरकत नाही, तेही सकाळी सहाला करून ठेवायचं.

-----

वासंती_के | २० एप्रिल, सकाळी ८:३०

विषय चांगला आहे पण एक विचारू का, आमच्या सासूबाई दही आणि फळं एकत्र खाऊ देत नाहीत, विरुद्ध आहार म्हणतात. त्यांना दुखवायचं नाहीये मला. तुम्ही लोक काय करता?

-----

सुजाता_बेळगाव | २० एप्रिल, सकाळी ९:१०

वासंती, आयुर्वेदात आंबट फळं दुधाबरोबर घेऊ नयेत असं सांगितलंय हे खरं आहे आणि ज्यांचा त्यावर विश्वास आहे त्यांचा मान ठेवावा. पण आपल्याच घरांत दह्यातली केळ्याची कोशिंबीर पिढ्यान्‌पिढ्या होते, डाळिंबाचे दाणे दहीभातात पडतात, आम्रखंड तर सणाला. माझ्या सासूबाईंना मी हे आम्रखंडाची कुल्फी म्हणून दिलं, त्यांनी आनंदाने खाल्लं. तुझ्याकडे नकोच वाटत असेल तर दह्याशिवाय नुसत्या आंब्याच्या रसाचं कर, मुलांना तेही आवडतं.

-----

वासंती_के | २० एप्रिल, सकाळी ९:२५

आम्रखंडाची कुल्फी :) हे पटेल त्यांना. थँक्यू गं.

-----

अण्णा_सातारा | २० एप्रिल, सकाळी १०:००

सिंगल डोअर फ्रीजचं राहिलं होतं. वरचा कप्पा लहान असतो, दार उघडलं की लगेच गरम हवा आत जाते, आणि बर्फाचा जाड थर साठला असेल तर गारवा पोचत नाही. आधी तो बर्फ काढून घ्या. ज्या दिवशी करायचं त्याच्या तीन-चार तास आधी बटण सगळ्यात गारवर फिरवा. मिश्रण फ्रीजमध्ये चांगलं थंड करून मगच साच्यात भरा. भांडं उथळ आणि पातळ घ्या, स्टीलची ताटली कप्प्याच्या तळाला चिकटून बसली पाहिजे, खाली प्लॅस्टिकची जाळी किंवा पिशवी नको. जितकं लवकर गोठेल तितके कण बारीक. आणि भांडं काठोकाठ भरू नका, पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं.

अजून एक, अ‍ॅल्युमिनियमचे जुने कुल्फीचे साचे घरात असतात ते दुधाच्या कुल्फीला ठेवा. दही आणि फळं आंबट, ती अ‍ॅल्युमिनियमला लागतात आणि धातूची चव येते. स्टीलचे छोटे पेले सगळ्यात उत्तम.

-----

रेवा_सांगली | २२ एप्रिल, दुपारी १२:५०

मंडळी!! जमलं!!

काल रात्री मोगराच्या पद्धतीने चक्का केला, वर तांब्या ठेवून. आज पहाटे उठून आधी जाऊन बघितलं, फडका उघडला तर आत असा पांढरा गुळगुळीत गोळा, फडक्याची वीण त्याच्यावर उमटलेली, बोटाने दाबला तर बोट तसंच उमटलं. आम्ही नेहमी चक्का विकतच आणतो त्यामुळे घरी असा होतो हेच मला माहीत नव्हतं. पायरीचा रस आटवून घेतला, सगळं पुरणयंत्रातून काढलं. स्टीलच्या पेल्यांत भरून वर फॉइल लावून त्याला चीर देऊन काड्या खोचल्या, सरळ उभ्या राहिल्या. पाच तासांत सेट.

काढताना पेला नळाच्या पाण्यात दहा-बारा सेकंद धरला आणि काडी फिरवली की सुटलं. लेकीने पहिला घास दाताने तोडला (त्या दिवशी दाताने तुटतच नव्हतं!) आणि काही न बोलता पूर्ण संपवलं, मग म्हणाली आई हे रोज. धाकट्याचं कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि तो हात चाटत बसला होता. काय सांगू किती बरं वाटलं.

आता पुढचा प्रश्न, स्ट्रॉबेरी मात्र अजून खडेच होतायत. आणि अननसाचं पण करून बघितलं वाटीभर, ते चक्क कडू झालं. चक्का तोच, साखर तीच. का बरं?

-----

मोगरा१२ | २२ एप्रिल, दुपारी १:३०

वाचून इतकं छान वाटलं रेवा <3

फळांचे तुकडे कच्चे टाकायचे नाहीत, आतलं पाणी गोठून खडाच होणार. स्ट्रॉबेरी बारीक चिरायची, पाव किलोला ३-४ चमचे साखर पेरून अर्धा तास ठेवायची. लाल पाणी सुटतं. ते पाणी तेवढं वेगळं काढून लहान कढल्यात आटवायचं, तारेपर्यंत नाही, फक्त चमच्याला लागेल इतकं, गार झालं की परत तुकड्यांत घालायचं. तुकड्यात साखर मुरलेली असते त्यामुळे ते गोठले तरी चावता येतात, आणि रंग असा येतो की बघत राहावं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आता संपत आली, मिळतेय तोवर असं करून डब्यात भरून फ्रीजरला ठेवून दे, मे महिनाभर पुरेल.

-----

अण्णा_सातारा | २२ एप्रिल, दुपारी ३:१५

अननसाचं कारण सांगतो. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. तुकडे झालेल्या प्रथिनांची चव कडू असते, आणि दही पातळही होतं. तुम्ही मिश्रण करून थोडा वेळ ठेवलं असेल तेवढ्यात ते घडलं. किवीत आणि कच्च्या पपईतही अशीच एन्झाइमं असतात. उपाय सोपा आहे, अननसाचे तुकडे थोड्या साखरेबरोबर झाकण ठेवून ४-५ मिनिटं चांगले उकळू द्या, उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं. पूर्ण गार करून मग चक्क्यात घाला. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो म्हणून त्याचं कडू होत नाही.

-----

मिलिंद_पुरंदर | २२ एप्रिल, रात्री ८:००

अण्णांच्या माहितीत थोडी भर. सीताफळाचं मात्र उलट आहे, ते तापवायचं नाही. आमच्याकडे सीताफळाची बाग आहे, गर गॅसवर ठेवला की कडवट होतो हे घरातल्या बायका कायम सांगतात. गर बिया काढून कच्चाच चक्क्यात मिसळायचा, तो मुळात घट्ट आणि गोड असल्याने साखर अर्धी पुरते. पण त्यासाठी पावसाळ्याच्या शेवटापर्यंत थांबावं लागेल. सीझनला गर काढून फ्रीजरला ठेवता येतो, हवाबंद पिशवीत चपटा करून, म्हणजे नंतर लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो.

-----

तुषार_घोलवड | २२ एप्रिल, रात्री ८:४०

चिकूचं मी करून बघितलं परवा, माझा प्रश्न मीच सोडवला म्हणा. घोलवडचा चिकू, २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो. पूर्ण पिकलेला पाहिजे, जरा कच्चा असेल तर घशाला चिकटल्यासारखा तुरट लागतो आणि दह्याबरोबर तो तुरटपणा अजून वाढतो. ६ चिकू, ४०० ग्रॅम चक्का, साखरेऐवजी ७-८ चमचे गुळाची पावडर आणि जायफळ. जायफळ जरूर घाला. रंग फिका तपकिरी येतो, दिसायला काही खास नाही पण चव एक नंबर, आमच्या बाबांनी दोन खाल्ल्या.

-----

प्राची_ब्रिस्बेन | २३ एप्रिल, सकाळी ६:२०

इथे आमचा आता ऑटम सुरू आहे पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे आंबे डिसेंबर-जानेवारीत, ख्रिसमसच्या सुट्टीत भर उन्हाळा असतो तेव्हा. केन्सिंग्टन प्राइड म्हणून आंबा मिळतो, हापूसची चव नाही पण वास छान असतो. मी चक्का करत बसत नाही, घट्ट ग्रीक योगर्ट मिळतं तेच वापरते, ते आधीच निथळलेलं असतं. फक्त पूर्ण फॅटचं घ्यायचं, लो फॅटचं घेतलं की परत बर्फच.

मी काड्यांऐवजी ताटलीत करते. ट्रेला बटर पेपर लावायचा, त्यावर गोड केलेलं योगर्ट अर्धा सेंटिमीटर जाडीचं पसरायचं, वरून आंब्याच्या पातळ चकत्या, भाजलेले पिस्ते, थोडा सुका नारळ, २-३ तासांत कडक होतं, मग चिक्कीसारखे हाताने तुकडे मोडून डब्यात. पातळ असल्याने मोठ्या कुल्फीपेक्षा चावायला खूप सोपं जातं. मात्र बाहेर काढलं की ५ मिनिटांत मऊ पडतं, त्यामुळे थोडे थोडेच काढायचे. लेकाला मी एका हातात तुकडा दुसऱ्या हातात बशी देते.

खरं सांगू, इथे दुकानात सगळं मिळतं, पण मी हे वेलची-केशर घालून करते तेव्हा माझ्या मुलाला ते आजीच्या घरचं वाटतं, तो त्याला आम्रखंडाची चिक्की म्हणतो. त्यासाठी करते.

-----

सुजाता_बेळगाव | २३ एप्रिल, सकाळी ९:४५

प्राची, आम्रखंडाची चिक्की हे नाव फार आवडलं. उद्याच करते.

-----

नेहा_नाशिक | २३ एप्रिल, दुपारी १२:१५

आमच्या नाशिकची द्राक्षं कशी विसरलात सगळे! बिनबियांची द्राक्षं धुऊन अगदी कोरडी पुसायची, टूथपिकने गोड चक्क्यात बुडवून ताटलीत सुटी सुटी ठेवायची, दोन तासांत होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे रोज असतात.

पण रेवाताई तुमचा धाकटा ४ चा आहे म्हणून मुद्दाम लिहितेय. लहान मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, गोठलेलं तर नाहीच, घशात अडकू शकतं. उभे चार तुकडे करून द्यायचे. आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध घातलेलं काहीही त्याला द्यायचं नाही, बोट बुडवून चाटवायचं सुद्धा नाही. काडीवालं खाताना पळायचं नाही, बसून खायचं हा नियम पहिल्या दिवसापासून.

-----

रेवा_सांगली | २३ एप्रिल, दुपारी १:००

नेहा खूप खूप आभार, जावेचा मुलगा अडीच वर्षांचाच आहे, हे लक्षात ठेवते. त्याला वाटीत चमच्याने देईन.

-----

स्वप्नजा | २४ एप्रिल, सकाळी ११:३०

ज्यांना चक्का-बिक्का काहीच करायला वेळ नाही त्यांच्यासाठी, मी नोकरी करते आणि संध्याकाळी सात वाजता घरी येते त्यामुळे मला हेच जमतं. साल काळी पडायला लागलेली केळी असतात ना, कुणी खात नाही ती, त्यांच्या चकत्या करून जरासं लिंबू चोळून ताटलीत सुट्या गोठवायच्या, मग पिशवीत भरून ठेवायच्या. हवं तेव्हा दोन केळ्यांच्या चकत्या बाहेर काढून ५ मिनिटं ठेवायच्या म्हणजे मिक्सरच्या पात्यावर ताण येत नाही, आणि ३ चमचे घट्ट दही घालून थांबत थांबत फिरवायचं. आधी भुगा होतो, वाटतं बिघडलं, पण जारच्या कडेचं खाली ढकलून परत फिरवलं की एकदम मऊ लोण्यासारखं होतं. साखर लागत नाही. लगेच खायचं, परत गोठवलं की ती मजा नाही.

-----

जयंत_पी | २४ एप्रिल, दुपारी २:००

आमच्या घरात वडिलांना डायबिटीस आहे, साखर न घालता केळं किंवा चिकू घालून केलं तर चालेल का?

-----

सुजाता_बेळगाव | २४ एप्रिल, दुपारी २:४०

जयंत, केळं-चिकू-आंबा यांनीही साखर वाढतेच, वरून घातली नाही म्हणजे ते मोकळेपणाने खाता येतं असं नाही. माझ्या आईला पण आहे. तिच्या डॉक्टरांना विचारून आम्ही एक छोटी वाटी ठरवली आहे, नुसता चक्का, दोन स्ट्रॉबेरी, वेलची, आणि तेही जेवणात भात नसेल त्या दिवशी. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच किती ते ठरवा.

-----

वासंती_के | २७ एप्रिल, रात्री ९:००

सासूबाईंनी खाल्लं! त्यांनीच उलट सांगितलं की आंब्याबरोबर थोडी सुंठ घाल, आंबा बाधत नाही. चिमूटभर घातली, चव खरंच छान आली. करून बघा.

-----

अण्णा_सातारा | २८ एप्रिल, सकाळी ७:५०

सुंठ आमच्याकडेही रसात घालतात, नक्की घाला.

एक काळजीची गोष्ट लिहायची राहिली. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त निपचित पडतात. दह्यातले चांगले जंतू त्यामुळे बरेचसे टिकतात हा फायदा, पण खराब दही किंवा न धुतलेलं फळ वापरलं तर तेही तसंच टिकतं. फडका वापरण्याआधी उकळत्या पाण्यातून काढा आणि उन्हात वाळवा. आणि भारनियमन झालं, फ्रीजर बंद पडून सगळं वितळलं, तर ते परत गोठवून मुलांना देऊ नका. गार असेल तोवर लस्सी करून त्याच वेळी संपवा. पुन्हा गोठवलेल्यात बर्फाचे कणही पहिल्यापेक्षा मोठे होतात, म्हणजे चवीलाही ते वाईटच.

डबा हवाबंद ठेवला तर दोन-तीन आठवडे चव चांगली राहते. शेजारी लसणाची पेस्ट किंवा सुकी मासळी असेल तर त्याआधीच वास लागेल.

-----

रेवा_सांगली | ९ मे, दुपारी ४:३०

बरेच दिवसांनी आले, घर भरलंय :)

पाच पोरं, आठ दिवस झाले, रोज दुपारी चारला गारेगार. मी आता एकदम २ लिटरचं दही लावते, दर तिसऱ्या दिवशी. सगळ्यांचे लाड पुरवायला एक युक्ती काढली, साधा गोड चक्का एकच करून ठेवते आणि त्याचे तीन भाग करून एकात आंबा, एकात साखरेत मुरवलेली स्ट्रॉबेरी, एकात उकळलेला अननस. अननस आता अजिबात कडू नाही, अण्णा काका! उलट सगळ्यात आधी तोच संपतो. पेल्यात अर्धा आंबा भरून तासभर गोठवायचा, मग वर स्ट्रॉबेरीचा, असे दोन रंग केले तर पोरांनी नुसता आरडाओरडा केला. पहिला थर नीट धरल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही, एकदा घाई केली तर दोन्ही मिसळून गेले.

नणंदेची मोठी मुलगी ११ वर्षांची आहे, तिला आता फडक्यात दही बांधायचं कामच दिलंय. दही लावलं की रात्री ती तांब्या ठेवते आणि सकाळी उठून दात घासायच्या आधी किती पाणी पडलं ते बघते, आणि वहीत लिहून ठेवते. काल ६०० मिली पडलं होतं, तिने मापाच्या भांड्यात ओतून बघितलं. मग त्याच पाण्यात तिने स्वतः कणीक मळली आणि आयुष्यातली पहिली चपाती लाटली. सासूबाईंनी ती चपाती तिच्याच हाताने आजोबांना वाढायला लावली.

-----

मोगरा१२ | ९ मे, दुपारी ५:१०

वही!! किती गोड आहे ही पोर. तिला सांग माझ्याकडून शाबासकी. आणि दही गाईच्या दुधाचं लावलं तर पाणी जास्त पडेल आणि चक्का कमी येईल, तेही मोजून बघायला सांग.

-----

रेवा_सांगली | ९ मे, दुपारी ५:२५

सांगितलं, ती आत्ताच विचारतेय गाईचं दूध कधी आणायचं.

-----

तुषार_घोलवड | १० मे, सकाळी १०:००

रेवाताई, जूनमध्ये जांभळं येतील तेव्हा ती पण करा. गर बियांपासून सोडवायला हाताने चुरायची, मीठ लावून दहा मिनिटं ठेवायची म्हणजे तुरटपणा जरा कमी होतो, मग चाळणीतून गाळून चक्क्यात. रंग असा जांभळा येतो की मुलं आधी रंगालाच भुलतात. पण कपडे जुने घाला सगळ्यांना, डाग जात नाहीत.

-----

रेवा_सांगली | १० मे, सकाळी १०:२०

आमच्या मागच्या अंगणातच जांभळाचं झाड आहे! पण पोरं ३१ मेला परत जाणार. झाडाला आत्ता हिरवी लागलीयत, लेक म्हणतेय लवकर पिकली तर. नाहीच पिकली तर गर काढून मिलिंद दादांनी सांगितलं तसा चपटा करून फ्रीजरला ठेवते, गणपतीला सगळे येतात तेव्हा करू.